केराटिनचा आकडा

अविनाश सरांचा फोन आला तेव्हा नूतन ऑफिसच्या मागच्या खोलीत पिसांची पूड चाळत होती. तिने हातमोजा काढून फोन कानाला लावला.

“केराटिनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट किती आहे?” सरांनी विचारलं. मागे हायवेचा आवाज येत होता. “नक्की आकडा पाहिजे. आज बॅच बसवायची आहे.”

“बघून सांगते, सर.”

“लगेच बघ. शेठना घेऊन वापीला चाललोय. मीटिंगमध्ये बसलो की फोन बंद असेल. मेसेज टाक, मी प्लांटवर कळवतो.”

कंपनी लहानशी होती. सुरतेत अडाजणला दोन खोल्यांचं ऑफिस, त्यातली एक प्रयोगशाळा, आणि इच्छापोरला भाड्याची शेड. कोंबडीची पिसं आणायची, रसायनात विरघळवायची, त्यातलं केराटिन काढून वाळवायचं आणि शाम्पू बनवणाऱ्यांना विकायचं, असा धंदा. केराटिन म्हणजे आपले केस आणि नखं ज्याची बनतात ते प्रथिन. ते विरघळवणं अवघड, आणि विरघळलं की परत खाली बसवणं त्याहून अवघड. मागच्या बॅचेस दुधाळ पाण्यासारख्या राहिल्या होत्या, तळाला काही बसलंच नव्हतं. मालक बन्सीलालशेठ रोज विचारत होते आणि उत्पादन बघणारे अविनाश सर रोज काहीतरी उत्तर देत होते.

नूतनने बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलं होतं. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, पण हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता. प्रत्येक प्रथिनाचा एक ठरावीक पीएच असतो, जिथे त्याच्यावरचा धन आणि ऋण भार सारखा होतो. तिथे त्याचे कण एकमेकांना दूर लोटायचं सोडतात, गोळा होतात आणि खाली बसतात. टाकीतलं द्रावण अ‍ॅसिड घालून बरोबर तिथपर्यंत उतरवलं की माल हाती येतो. चुकलं तर पाण्याबरोबर वाहून जातो.

तिने लॅपटॉप उघडला.

पहिल्याच साइटवर चार मिळाला. दुसरीकडे त्याहून कमी, पण तो मेंढीच्या लोकरीचा. प्रथिनांच्या एका मोठ्या डेटाबेसमध्ये तिने कोंबडीच्या पिसातल्या केराटिनचं नाव टाकलं, तर आकडा आठाच्या आसपास निघाला. ती चमकली. मग लक्षात आलं की हा कोणी मोजलेला नाही. अमिनो आम्लांच्या क्रमावरून संगणकाने हिशेब करून काढलेला आहे. एका जुन्या संदर्भग्रंथाचं स्कॅन केलेलं पान सापडलं. त्यात प्रत्येक ओळीत नमुना वेगळा, मोजायची रीत वेगळी आणि आकडाही वेगळा.

फोन थरथरला. ‘लवकर सांग.’

तिने लिहिलं, ‘पिसांसाठी मोजलेला आकडा चारच्या आसपास. पण कशात विरघळवलंय त्यावर बदलतो. आपण यावेळी काय वापरलंय?’

उत्तर आलं. ‘चार. ओके.’

तिचा प्रश्न तसाच राहिला. नूतनने फोन उलटा ठेवला. आकडा दिला होता, काम संपलं होतं, तरी तिला चैन पडेना. चार म्हटलं आणि माल बसला नाही, तर शेठसमोर तिचंच नाव निघणार. निदान आपली रीत कुठल्या ओळीत बसते ते बघून ठेवावं, म्हणून तिने एक शोधनिबंध उघडला. त्यात पिसांचं केराटिन तीन वेगवेगळ्या रसायनांत विरघळवून तिन्हींचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट मोजला होता. तिसरं रसायन सोडियम सल्फाइड होतं. त्याचा आकडा चारला अगदी जवळचा. तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप होती, की सल्फाइडच्या द्रावणात अ‍ॅसिड मिसळण्याचं काम धूर ओढून घेणाऱ्या बंद कपाटात केलं, कारण त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो.

आपण कुठे सल्फाइड वापरतो, असं म्हणून ती पुढे सरकली. आणि थांबली.

आदल्या संध्याकाळी धुडकूमामा नवागामला घरी आला होता. तो तिचा सख्खा मामा नव्हे. पारोळ्याकडच्या त्यांच्याच गावचा, म्हणून तिच्या आईने, धुरपदाबाईने, त्याला भाऊ मानलेलं. आयुष्य लूमच्या खटखटाटात काढल्याने त्याला कमी ऐकू यायचं. लूम बंद पडल्यावर नूतननेच शब्द टाकून त्याला इच्छापोरच्या शेडमध्ये लावलं होतं. काल चहा पिताना त्याने बाही वर करून हात दाखवला. कोपरापर्यंत एक केस नव्हता.

“नवीन पिवळा तुकडा उनात,” तो हसत अहिराणीत म्हणाला होता, नवीन पिवळे तुकडे आलेत असं. “पिसं इरघळतस तसा मना केस बी इरघळनात.”

नूतनही हसली होती. हातमोजे घालत जा, एवढंच तिने सांगितलं होतं.

ती पुढच्या खोलीत गेली. शीतल, खरेदीचं बघणारी, जेवणाचा डबा उघडत होती.

“शीतल, प्लांटला नवीन काय पाठवलं?”

“सोडियम सल्फाइड. पिवळे फ्लेक्स. सरांनी अर्जंट मागवलेलं. का गं?”

नूतनने सरांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग शेडमध्ये सागरला लावला. सागर प्लांटचा सुपरवायझर, डिंडोलीचा, जन्म सुरतेतलाच.

“बोला मॅडम.”

“सागरभाई, अ‍ॅसिड सुरू केलंय का?”

“हमणां ज, आत्ताच पंप चालू केला. सरांचा मेसेज आला ना. चारपर्यंत उतरवा, नूतनने कन्फर्म केलंय.”



“पंप बंद करा. टाकीत सल्फाइड आहे. अ‍ॅसिड पडलं की विषारी वायू निघेल.”

“वास तर दोन दिवस येतोच आहे, मॅडम.”

“हा त्या वासासारखा नाही. माणूस मरतो याने. बंद करा.”

सागर हट्टी माणूस नव्हता. पण मागची बॅच त्याने स्वतःच्या डोक्याने थांबवली होती आणि शेठनी सगळ्यांसमोर त्याला झापलं होतं.

“सरांना सांगा मला फोन करायला. ते म्हणाले की लगेच बंद करतो.”

“सरांचा फोन लागत नाहीये.”

“मग मी काय करू, तुम्हीच सांगा. आकडा तुम्हीच दिला. आता तुम्हीच थांबवा म्हणता.” तो जरा घुटमळला. “पंप हळू करतो. बस?”

फोन कट झाला.

नूतनने गाडीची किल्ली उचलली. “शीतल, फायर ब्रिगेडला फोन कर. शेडचा पत्ता दे, गॅस म्हणून सांग. मग अ‍ॅम्ब्युलन्सला. आणि सरांना लावत राहा.”

शीतल डब्यावर हात ठेवून बघत राहिली. “पण अजून काही झालं नाहीये ना?”

“झाल्यावर फोन करून काय उपयोग?”

जिना उतरता उतरता तिने धुडकूमामाला लावला. बराच वेळ वाजल्यावर त्याने उचलला.

“मामा, तुम्ही कोठे शेतस?”

“टाकीना जोडे. काय व्हयनं?” टाकीजवळच होता तो.

“तुम्ही आनि लखन भाहेर निंघा. आत्ते.” लखन मामाबरोबरचा कामगार, गोण्या उचलणारा दणकट माणूस.

“आयकाले येत नही. मोठा बोल.”

ती जिन्यात थांबली आणि होता तेवढा आवाज काढून म्हणाली, “त्या टाकीमा जहर शे. लखनले लिसन भाहेर निंघा.”

वरच्या मजल्यावरचं एक दार उघडलं, कोणीतरी वाकून बघितलं. बाकी मामाला किती ऐकू आलं कोण जाणे, पण जहर हा शब्द पोचला होता.

“बरं,” तो म्हणाला. “निंघतस.”

पाल भागापर्यंत तिने अ‍ॅक्टिव्हा पळवली. पुढे हजीरा रोडवर पोलादाच्या गुंडाळ्या घेऊन चाललेले ट्रेलर एकामागे एक उभे होते. कडेच्या धुळीतून गाडी काढता काढता ती मनात हिशेब करत होती. सल्फाइडचं द्रावण खूप क्षारी असतं. सुरुवातीचं अ‍ॅसिड तो क्षार मारण्यातच खर्च होईल. वायू लगेच फारसा सुटणार नाही. पीएच खाली आला की मात्र एकदम सुटेल. सागरने पंप हळू केला असेल तर अजून अवकाश आहे. नसेल केला तर नाही.

वळणावर ट्रेलर आडवा झाला आणि सगळं थांबलं. तिने सागरला फोन लावला. त्याने उचलला तेव्हा तिला हायसं वाटलं.

“मॅडम, टेन्शन घेऊ नका,” सागर म्हणाला. “मघाशी जास्त वास आलेला. सडक्या अंड्यासारखा. तुमची माणसं तर पळूनच गेली बाहेर. पण आता काही नाही. वास एकदम गेला.”

नूतनने डोळे मिटले. हे तिने वाचलं होतं. हा वायू थोडा असतो तेव्हा वास मारतो. वाढला की नाकाची नसच बधिर करतो.

“सागरभाई, नीट ऐका.” आपला आवाज शांत कसा राहिला हे तिला नंतरही कळलं नाही. “वास गेलेला नाही. तुमचं नाक गेलंय. पंपाकडे बघू नका, काही बंद करत बसू नका. प्लॅटफॉर्मची शिडी उतरा आणि थेट बाहेर चालत जा.”

“डोकं जरा जड झालंय.” त्याचे शब्द लांबत होते. “बसतो इथेच थोडं, मग...”

“बसू नका. सागरभाई, उठा.”

फोन कशावर तरी आपटला. नंतर फक्त पंप ऐकू येत राहिला, एका लयीत, कुणालाही न विचारता चाललेला.

तिने मामाला लावला. यावेळी फोन लखनने घेतला.

“लखनभाऊ, सागर आत पडलाय. तुम्ही आत जायचं नाही. मीटरची पेटी बाहेरच्या भिंतीला आहे, आधी मेन स्विच पाडा. मग मागचं दार बाहेरून उघडा, कडी काढा आणि लांब व्हा.”

“आणि सागरभाई?”

“शेजारच्या मोठ्या कंपनीच्या गेटवर पळत जा. एच टू एस म्हणा. तेवढंच म्हणा, त्यांच्या सेफ्टीवाल्यांना कळेल. पाठीवर सिलेंडर असलेला मास्क घेऊन या म्हणावं.”

“एच टू एस,” लखन म्हणाला, आणि पळाल्याचा आवाज आला.

ट्रेलर हलला. नूतनने गाडी त्याच्या आणि दुभाजकाच्या मधून काढली.

शेडसमोर ती पोचली तेव्हा पंप बंद होता. पुढचं शटर अर्धं वर होतं. आत प्लॅटफॉर्मच्या कडेला सागरचा एक बूट दिसत होता, टाच वर करून. धुडकूमामा नळाखाली गमछा भिजवत होता. तिला बघून त्याने मान वळवली नाही. गमछा पिळला, नाकातोंडावर बांधला आणि शटरकडे निघाला.

तिने धावत जाऊन त्याचा दंड धरला.

“सोड,” तो म्हणाला. “मानूस मरी राहिना.”

“मामा, कपड्याने हा वायू अडत नाही. आत दोन श्वास घेतले की तुम्ही पण पडाल.”

“दम धरसू. वढी आनसू त्याले.”

“तुम्हाला तो उचलून आणायचाय. श्वास रोखून नाही जमणार.”

त्याने हात हिसडला. लूमवर घडलेला हात होता तो, तिच्या पकडीत राहणारा नव्हता. तिची पावलं मातीत घसरत गेली. शटर आता हाताच्या अंतरावर होतं. तिला तो वास आला, अंड्याचा, घशाला धरणारा. वास येतोय म्हणजे इथे अजून ठीक आहे, एवढं तिच्या मनात आलं.

ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “तुम्ही गयात ते मी बी मांगे येसू.”

मामा थांबला. गमछ्यावर नुसते डोळे दिसत होते, लाल, पाणी आलेले. त्याने तिच्याकडे बघितलं, मग आतल्या बुटाकडे. मग त्याने तिच्याबरोबर मिळून शटर पूर्ण वर ढकललं. दोघं लांब जाऊन नळापाशी उभे राहिले. समुद्राकडचा वारा मागच्या दारातून आत शिरला होता. शेडमधला वास आता नळापर्यंत येत होता. नूतनने मामाला अजून मागे ओढलं. बुटाची टाच हलत नव्हती. तिने त्यावरून नजर काढली नाही. आपण त्याला मरताना बघत उभे आहोत, हा विचार तिला पुन्हा पुन्हा येत होता.

दोन माणसं जीपमधून आली, मास्क चढवलेली, पाठीवर सिलेंडर. मागे लखन लटकलेला. एकाने खिशातलं यंत्र शटरच्या आत धरलं, ते किंचाळायला लागलं, आणि दोघं आत गेले. सागरला काखेत धरून बाहेर आणलं तेव्हा त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. त्यांनी त्याला वाऱ्याच्या बाजूला निजवलं, तोंडावर ऑक्सिजन धरला. बऱ्याच वेळाने त्याच्या छातीतून घरघर निघाली आणि तो खोकला. मामाने तोंडावरचा गमछा सोडला.

फायर ब्रिगेडची गाडी आणि अ‍ॅम्ब्युलन्स एकाच वेळी वळणावर दिसल्या.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाकावर नूतनशेजारी सागरची बायको तारा बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की फुप्फुसांना सूज आहे, पण माणूस शुद्धीवर येतोय. ताराने सगळं दोनदा विचारून घेतलं. कसला गॅस, कशातून निघाला, रसायन कोणी टाकायला सांगितलं. नूतनने जे घडलं ते सांगितलं, आकडा आपण दिला होता हेसुद्धा. तारा थोडी सरकून बसली. मग म्हणाली, “फोन पण तुम्हीच केला ना.”

अविनाश सर आणि बन्सीलालशेठ वापीहून थेट तिथे आले. शेठनी आल्या आल्या नूतनकडे बोट केलं. “आकडा हिने दिला होता. मेसेज आहे.”

कारखाना खात्याचा अधिकारी दाराशी उभा होता. त्याने वळून नूतनकडे बघितलं.

“आकडा बरोबर होता,” नूतन म्हणाली. “टाकीत काय आहे ते मी विचारलं होतं. उत्तर आलं नाही. आणि मीही उत्तर न घेता आकडा सोडून दिला.”

सर तिच्याकडे न बघता बोलले. “सल्फाइड वापरायचं मी ठरवलं. लॅबमध्ये कोणाला सांगितलं नाही. रविवारी एका छोट्या भांड्यात करून बघितलं होतं, खिडकीपाशी. थोडा वास आला, बस. पिसं इतकी सुरेख विरघळली...” त्यांनी चष्मा काढला. “टाकी म्हणजे मोठं भांडं, असं धरून चाललो मी.”

“अविनाशभाई, वकिलाला येऊ द्या,” शेठ हळूच म्हणाले.

“लिहून घ्या,” सर अधिकाऱ्याला म्हणाले. “मीच सांगितलं होतं.”

सागरला काचेतून बघता आलं. तोंडावर मास्क होता, डोळे उघडे. त्याने नूतनला ओळखलं की नाही ते कळलं नाही. मामाकडे बघून मात्र त्याने बोटं जराशी हलवली. मामाने काचेवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, डाग पडेल म्हणून काच पुसली.

हॉस्पिटलमधून निघताना मामा अ‍ॅक्टिव्हावर मागे बसला. उधना ओलांडल्यावर तो काहीतरी पुटपुटला. वाऱ्यात तिला ऐकू आलं नाही. तिने गाडी कडेला घेतली आणि मागे वळून विचारलं.

“मी मझार गऊ ऱ्हातू ते?” मामा म्हणाला. आत गेलो असतो तर.

“तुम्ही पडला असता. मग मी.”

“आनि सागर?”

“तो तर पडलेलाच होता.”

मामाने मान हलवली, पण ते पटल्याचं नव्हतं. “तून मना हात धरा तवय माले तुना राग उना,” तो म्हणाला. “आजून बी शे.”

“राहू द्या,” नूतन म्हणाली.

तिला गाडी सुरू करायची होती, पण किल्ली फिरवून तिने परत काढून घेतली. मामाच्या ते लक्षात आलं. तो उतरला, तिच्या हातातून किल्ली घेतली आणि फुटपाथच्या कडेला बसला. तीही त्याच्या शेजारी बसली. समोरून कापडाचे गठ्ठे लादलेले टेम्पो जात होते.